लॉगिनचा पत्ता बदलताना

कंपनीचं नाव बदललं आणि पाट्या, लेटरहेड यांच्यासोबत लॉगिनच्या पानाचा वेब-पत्ताही बदलायचं ठरलं. पाट्यांचं काम एजन्सीकडे गेलं, लॉगिनचं माझ्याकडे आलं. बैठकीत एक साहेब म्हणाले, "डीएनएसमध्ये एक ओळ तर बदलायची आहे." डीएनएस म्हणजे कोणतं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं याची इंटरनेटवरची वही, आणि त्यातली ती ओळ खरोखरच दोन मिनिटांची. टीटीएल, म्हणजे बाकीची यंत्रं ती ओळ किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ८६४०० सेकंदांचा, म्हणजे पूर्ण दिवसाचा होता. तो आधीच ३०० वर आणून ठेवला, म्हणजे बिघडलंच तर पटकन मागे फिरता येईल. बाकी सगळं काम त्या ओळीच्या बाहेरचं.

लॉगिन सर्व्हर जे टोकन, म्हणजे ओळख पटल्याची डिजिटल चिठ्ठी, देतो त्यात देणाऱ्याचा पत्ता असतो, आणि तो ॲप्लिकेशनकडे नोंदवलेल्या पत्त्याशी तंतोतंत जुळावा लागतो. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी टोकन नाकारलं जातं. व्हेंडर पोर्टलवाल्यांनी नेमकी तीच रेघ घातली होती, वर "आमच्याकडे चालतंय" हे पालुपद. दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहून पाठवले, तेव्हा कुठे गाडी हलली.

चाचणी पुण्याच्या ऑफिसात झाली, नव्या लॅपटॉपवर आणि नव्या फोनवर, आणि सगळं हिरवं आलं. मी चाकणच्या प्लांटमधला बारकोड स्कॅनर मागवून घ्यायचा आग्रह धरला. तो आला, पत्ता बदलला, आणि पडदा पांढराफटक. एरर नाही, काही नाही. स्कॅनरमध्ये अँड्रॉइड ६. नव्या पत्त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं घेतलं होतं, आणि ज्याच्या भरवशावर तो दाखला मानला जातो ते त्यांचं मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांना माहीतच नाही. ॲपमधला वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत पान दाखवणारा छोटा ब्राउझर, अशा वेळी पान गुपचूप रद्द करतो, म्हणून तो पांढरा पडदा. ज्यांचं मूळ सर्टिफिकेट त्या जुन्या यंत्रात आहे अशा कंपनीकडून विकतचं सर्टिफिकेट घेतलं आणि स्कॅनर चालू लागले. ही यंत्रं बदला म्हणून प्लांटवाले कधीपासून मागे लागलेत, पण त्यांची फाइल पुढे सरकत नाही.

बदलाच्या दिवशी सकाळी मी चाकणलाच थांबले. स्टोअर्समधून फोन आला, की तिथे नोंदी करणारे काका लॉगिन करत नाहीयेत. गेटवर मालाची गाडी उभी, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, निघत नाही, आणि सुपरवायझर त्यांच्यावर आवाज चढवत होते. मी गेले तर काका कीबोर्डपासून हात मागे घेऊन बसलेले.

"मॅडम, हा पत्ता आपला नाही. रोज पासवर्ड आपोआप येतो, आज आला नाही. तुम्हीच ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पत्ता बघितल्याशिवाय टाकायचा नाही."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि सुपरवायझरसमोर मी ते मोठ्याने सांगितलं. ब्राउझर साठवलेला पासवर्ड फक्त ज्या पत्त्याचा त्याच पत्त्यावर भरतो. अकाउंट्सच्या लोकांकडच्या सिक्युरिटी की (लॉगिनसाठी कॉम्प्युटरला लावायचं छोटं उपकरण) सुद्धा अशाच जुन्या पत्त्याशी बांधलेल्या; नव्यावर त्या काम करत नाहीत, म्हणून त्या सगळ्या पुन्हा नोंदवून घ्याव्या लागल्या. काकांनी जे केलं ते त्या कीने केलं असतं तर आम्ही तिला सुरक्षित म्हटलं असतं.

आदल्या आठवड्यात ब्रँडिंगच्या टीमने सगळ्यांना ईमेल पाठवला होता. बाहेरच्या मेलिंग सेवेतून, मोठं रंगीत बटण, "येथे क्लिक करून नव्या पत्त्यावर लॉगिन करा". ट्रेनिंगमध्ये फसवणुकीचा नमुना म्हणून मी दाखवते तो अगदी असाच असतो. सूचना जुन्या लॉगिन पानावरच टाका, लोकांचा त्या पानावर विश्वास आहे, असं मी लेखी दिलं होतं. पान विद्रूप दिसेल म्हणून ते नाकारलं गेलं. याचा राग मला अजून आहे.

काकांना म्हटलं, "जुना पत्ता तुमच्या हाताने टाइप करा. तो स्वतःच तुम्हाला नव्याकडे नेईल." त्यांनी एकेक अक्षर दाबलं, पान वळलं, मग नवा पत्ता पडद्यावर बोट ठेवून वाचला आणि पासवर्ड टाकला. जीआरएन निघाला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात जुनं डोमेनच, म्हणजे जुन्या पत्त्यातलं कंपनीचं नोंदवलेलं नावच, आहे. नव्याची खात्री जुना पत्ता देतो, कारण तो आमच्या ताब्यात आहे. फायनान्सकडून आता विचारणा आलीय, की नाव बदललं तर जुन्या डोमेनचं नूतनीकरण कशाला? वर्षाला थोडेसे रुपये. ते सोडलं तर उद्या कोणीही विकत घेईल, तिथे आमच्यासारखंच पान उभं करेल, आणि तेव्हा ब्राउझर काकांचा पासवर्ड आपणहून भरून देईल, कारण पत्ता जुनाच, ओळखीचा. लॉगमध्ये जुन्या पत्त्यावर आजही माणसं येताना दिसतात. ते डोमेन सोडण्याच्या कागदावर मी सही करणार नाही, हे कळवून टाकलं आहे. उत्तर आलेलं नाही.