डिड नॉटपाशी अडलेले पाच आठवडे

मागच्या वर्षी आमच्या कंपनीचं हेड ऑफिस पुण्याला गेलं आणि शिफ्ट संपल्यावर द्यायचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असं फर्मान निघालं. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत डिस्पॅचला आहे. डिस्पॅचचा रिपोर्ट म्हणजे काय, तर गाडी किती वाजता आली, किती पेट्या चढल्या, कोणती गाडी आलीच नाही. सगळा झाला-गेलेला मामला. म्हणजे मला इंग्रजीतला एकच काळ हवा होता, साधा भूतकाळ. पण क्लासवाले सुटा काळ विकत नाहीत. बारा काळांचा डबाच घ्यावा लागतो.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. मी त्याच्या आधीची, पाचवीला एबीसीडी गिरवलेली. पहिल्याच आठवड्यात मी मेलमध्ये लिहिलं, 'ट्रक डिड नॉट केम'. पुण्याहून उत्तरादाखल नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं. गाडी आली की नाही, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं की मला टोमणा मारला होता, ते मला अजून उमगलेलं नाही. पण त्याच संध्याकाळी लोकमान्य नगरहून मेट्रो धरली, सीताबर्डीला उतरले आणि तीन महिन्यांचे साडेचार हजार भरून टाकले. क्लासचं नाव सांगत नाही.

वॉज-वर (was-were) दोन दिवसांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग सरांनी तीन रकान्यांचा तक्ता दिला: गो, वेंट, गॉन. रोज वीस क्रियापदं. मी ती शंकर नगर ते लोकमान्य नगर मेट्रोत पुटपुटत पाठ केली, इतकी की समोरची बाई मला जपमाळवाली समजून जागा द्यायला लागली. आणि घोळ तिथेच झाला. वेंट, केम, लेफ्ट, सेंट ही रूपं डोक्यात अशी ठोकून बसली की काल म्हटलं की तीच बाहेर.

मग आलं नकारार्थी वाक्य. सर म्हणाले, डिड आला की क्रियापदाचं पहिलं रूप. मी विचारलं, का? 'रूल आहे मॅडम, पाठ करा.' पाठ तर करतच होते. माझं म्हणणं साधं होतं: आपण 'मी गेले' म्हणतो आणि नकार द्यायचा तर 'मी गेले नाही'. 'गेले' जागचं हलत नाही, नुसता 'नाही' येऊन मागे उभा राहतो. मग इंग्रजीत 'वेंट'नं काय गुन्हा केला की त्याला परत 'गो' व्हावं लागतं? वीस दिवस खपून शिकवलेलं रूप एका 'डिड नॉट'साठी विसरायचं? सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पहिल्या चाचणीत वीसपैकी चौदा वाक्यांना लाल गोल. नुसते गोल, बाजूला अक्षर नाही. शिक्षा म्हणून प्रत्येक वाक्य दहादा लिहायचं. दहादा बरोबर लिहिलं आणि अकराव्यांदा रिपोर्टमध्ये परत 'डिड नॉट केम'. दुसऱ्या चाचणीत बारा गोल. बॅचमध्ये कॉलेजची पोरं होती. एक जण मागच्या बाकावरून म्हणाला, 'काकू, डिड के बाद वेंट नहीं आता.' मला वेंटपेक्षा ते काकू जास्त लागलं. तिसऱ्या आठवड्यात 'आय डिड नॉट डू' हे वाक्य फळ्यावर आलं आणि माझं होतं नव्हतं ते गेलं. डिड म्हणजे 'केलं', डू म्हणजे 'कर', मग एकाच वाक्यात दोनदा करायचं काय? परत विचारलं. परत रूल. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात मी विचारणंच सोडलं. रिपोर्टमध्ये नकार आला की ती ओळच गाळायचे, आणि न आलेल्या गाडीबद्दल पुण्याहून फोन यायचा.

गाठ सुटली ती घरी, सकाळच्या चहाला. सासूबाई वर्ध्याकडच्या. उकाड्यानं कूलरसुद्धा हरला होता. त्या म्हणाल्या, 'मी झोपूच नाही शकली व रातभर.' मी कप तसाच धरून बसले. झोपू शकली नाही. झोपली शकली नाही, असं कोणी म्हणतं का? भूतकाळ 'शकली'नं घेतला, 'झोपू' कोराच राहिला. 'जाऊ शकले नाही'मध्ये 'जाऊ' कोरं. 'जात नव्हते'मध्ये भूतकाळ 'नव्हते'कडे, 'जात'ला त्याचं काही नाही. म्हणजे एका वाक्यात भूतकाळ एकाच शब्दानं उचलायचा, ही रीत आपल्या तोंडात आहेच! इंग्रजीत ते ओझं डिड उचलतो, म्हणून मागचं क्रियापद मोकळं: डिड नॉट गो. प्रश्नातही तोच हमाल: डिड द ट्रक कम? आणि 'डिड नॉट डू'मधला डिड कामाचा नाही, नुसता ओझ्याचा. काम मागच्या डूचं. होकारार्थी वाक्यात हमाल नसतो, म्हणून ओझं क्रियापदाच्याच डोक्यावर: वेंट.

संध्याकाळी हे सरांना सांगितलं. म्हणाले, 'हां, तसंही समजू शकता,' आणि पान उलटलं. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढाच रागही आला. शकलेचं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

वॉज-वरला मात्र डिड लावायचा नाही, ते स्वतःचं ओझं स्वतः नेतात. ट्रक वॉज नॉट देअर. हे आधी सांगायला हवं होतं.

तक्ता एबीसीडीच्या क्रमानं पाठ करू नका. आवाजानं गट पाडा: बॉट, ब्रॉट, थॉट, कॉट, टॉट एका दमात. पुट, कट, हिट, शट बदलतच नाहीत, ते फुकटचे. रीडचं स्पेलिंग तेच, उच्चार मात्र रेड.

आपल्या नागपूरकरांसाठी खास: 'गाडी तीन वाजता येऊन राहिली होती' हे जसंच्या तसं 'वॉज कमिंग' करू नका. मी केलं. पुण्याहून विचारणा: मग पोचली किती वाजता? तीनला आली तर सरळ 'केम ॲट थ्री'. आणि 'काल आली आहे'चं 'हॅज कम यस्टरडे' होत नाही. काल असला की हॅज नको. एक सोय मात्र आहे. आपल्याकडच्या बाया 'मी गेली' म्हणतात, पुस्तकात 'मी गेले', पुरुष 'गेलो'. इंग्रजीत बाई, माणूस, ट्रक सगळ्यांना एकच वेंट.

फोनवर 'आलेच' म्हणायची सवय फार वाईट. पुण्याच्या साहेबांनी नोंद विचारली, मी रजिस्टर आणायला उठत म्हटलं, 'सर, आय केम!' ते 'येस, टेल मी' म्हणत राहिले, आणि मी तोवर गेटवर. मराठीत न आलेला माणूसही आलेला असतो. इंग्रजीत 'आय ॲम कमिंग'.

क्रियापदाला लागणाऱ्या ईडीचा (ed) उच्चार वॉकेड नाही, वॉक्ट. लोडेड मात्र लोडेडच, कारण मागे ड आहे. ट किंवा ड आवाजानं संपणाऱ्यांनाच 'इड' लागतो. हे क्लासमध्ये नीट शिकवलं, तेवढं श्रेय देते.

परवा पुण्याहून मेल आला: 'वी डिड नॉट रिसिव्ह्ड युवर रिपोर्ट.' प्रश्नचिन्हवाल्या साहेबांचाच. मी तो तीनदा वाचला आणि घरी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, 'मंग रिपोर्ट धाडला नव्हता काय व तू?'

खरंच राहिला होता.