चौदा सेकंद काळोख

विद्यापीठात मी 'डिजिटल स्टोरीटेलिंग' शिकवते असं सांगितलं की नातेवाइकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "म्हणजे कॉम्प्युटर का?" दुसरा म्हणतो, "म्हणजे ते रील्स?" मावशीने तर सरळच विचारलं, "गोष्टी सांगायचा पगार देतात होय गं?" तिला काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही.

खरं तर प्रकार साधा आहे. दोन-तीन मिनिटांची गोष्ट, आपल्याच आयुष्यातली, आपल्याच आवाजात, घरातले चार फोटो जोडून. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी याच्या कार्यशाळा सुरू केल्या. ज्यांनी कधी कॅमेरा धरला नाही अशी माणसं गोल करून बसायची, एकेक जण आपली गोष्ट सांगायचा, आणि चित्रांचं नंतर बघू. आधी आवाज.

इथेच माझी गोची होते, कारण मी चित्रांकडून आलेली. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केला तेव्हापासून जी बिघडले ती बिघडलेच. ज्या आवारात 'प्रभात'चा स्टुडिओ उभा राहिला, तिथल्या झाडाखाली चहा पिताना आपणही त्याच घराण्यातले आहोत असं उगीचच वाटायला लागतं. त्यामुळे पहिल्या तासाला अभ्यासक्रम बाजूला राहतो आणि मी फाळक्यांवर घसरते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, पण त्याच्याही आधी भांडवल मिळवायला त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना चित्रित केलं होतं. कॅमेरा एका जागी ठेवून, महिनाभराहून अधिक दिवस, थोडं थोडं करत. मी हे सांगताना गहिवरते. मागच्या बाकावरून आवाज येतो, "टाइमलॅप्स, मॅडम. मोबाइलमध्ये असतो."

असतो, बाबा.

रीळ या शब्दावरून तर दरवर्षी वाद होतो. हजार फुटांचं रीळ, फुटाला सोळा चौकटी, सेकंदाला चोवीस, म्हणजे अकरा मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. फळ्यावर हा हिशोब मांडला की वर्ग हसतो. अकरा मिनिटांची रील कोण बघणार? मग मी सूड म्हणून त्यांना कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग शिकवते. नटाचा तोच निर्विकार चेहरा. आधी सूपची वाटी दाखवली तर तो भुकेला वाटतो, शवपेटी दाखवली तर दुःखी. चेहऱ्यात काही नसतं, प्रेक्षक भरतो. हे मात्र त्यांना आवडतं. लगेच एकमेकांचे मख्ख चेहरे शूट करायला लागतात.

यंदा एक मुलगा सबमिशनच्या आदल्या आठवड्यात आला. "मॅडम, मला पप्पांवर करायचंय, पण पप्पांचे फोटोच नाहीत." वडील एसटीत कंडक्टर. दिवाळीला जादा गाड्या, गणपतीला जादा गाड्या, आषाढीला पंढरपूर, एरवी मुक्कामी गाडी. घरातले सगळे फोटो सणाचे, आणि सणाला वडील ड्युटीवर. अल्बमभर आई, बहीण, आकाशकंदील आणि एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची योगायोगाने रिकामी होती, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. माझ्यातली सिनेमावाली मात्र टुणकन उठली. खुर्चीवर जा, हळूहळू क्लोजअपमध्ये, मग डेपोची पहाट, मग हातांचे शॉट्स... मी बोलत सुटले. तो मान डोलवत राहिला.

त्याने आणलं ते वेगळंच. दोन फोटो, त्याचा थोडा घोगरा आवाज, आणि मग पडदा काळा. काळ्या पडद्यावर नुसतं टिक-टिक. टिक-टिक. टिक. मशीन येण्याआधी तिकिटाला भोक पाडायचा तो पंच. वडिलांनी जपून ठेवला होता. याने रात्री उशीत मोबाइल खुपसून त्याचा आवाज घेतला. लहानपणी रात्री दार वाजायच्या आधी जिन्यात हा आवाज यायचा म्हणे. बोटांना सवय लागलेली, रिकामाच वाजवत यायचे.

काळोख चौदा सेकंद होता. मी मोजला. "फार होतंय," मी म्हटलं, "लोकांना वाटेल फाइल बिघडली."

"तुम्हीच म्हणालात ना मॅडम, प्रेक्षक भरतो म्हणून."

तो गेल्यावर मी माझ्या लॅपटॉपवर गुपचूप कापून बघितलं. चार सेकंदांचं केलं तर ते घड्याळ वाटायला लागलं. आठ केलं तर जाहिरात. बारापर्यंत गेले आणि मग मुकाट्याने सगळं पूर्ववत केलं. जिना चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

गुणपत्रिकेत 'दृश्य मांडणी' असा एक रकाना आहे, दहापैकी. काळ्या पडद्याला दृश्य मांडणीचे किती द्यायचे यावर मी एक कप चहा गार केला. शेवटी नऊ लिहिले. एक कापला, कारण तिसऱ्या टिक-टिकनंतर मागे कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येतो.