तोंड फिरवलेला गॅब्रिएल

चर्चच्या खिडक्यांमधली रंगीत काच दुरुस्त करणं हे माझं काम. त्या जुन्या पॅरिश चर्चमधून बोलावणं आलं ते एक खिडकी फुगून आत झुकली म्हणून. त्यात नवल नव्हतं. काचा धरून ठेवणारं शिसं शंभर-सव्वाशे वर्षांत थकतंच. खिडकीत डावीकडे देवदूत गॅब्रिएल, उजवीकडे मरिया. येशूच्या जन्माची वार्ता तो तिला सांगायला आलाय. हात तिच्याकडे, पावलं तिच्याकडे, तोंड मात्र भिंतीकडे!

"लाजतो तो," फादर हसले. "इथे सगळे हेच म्हणतात."

शिशाच्या रेषांचा कागदावर ठसा घेतला, फोटो काढले आणि पॅनल उतरवलं. देवदूताचं डोकं एका गोल काचेवर होतं. तिच्यावर बॅटरी आडवी धरली. भुवया, ओठ जवळजवळ गेलेले. बोटाला थोडं खरखरीत लागलं तेही बाहेरच्या बाजूनं. केसांचा मधासारखा पिवळा रंग मात्र आतून.

मी काच दोनदा उलटसुलट करून पाहिली. असं असायला नको होतं. काळ्या रेषांचा रंग म्हणजे धातूचं ऑक्साइड आणि काचेची पूड. तो आतून लावून साधारण ६५० अंश सेल्सिअसला भाजतात, म्हणजे पावसापासून वाचतो. पिवळा रंग चांदीच्या क्षारांचा, युरोपात १४व्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला. तो काचेतच मुरतो, म्हणून सहसा बाहेरून देतात.

म्हणजे आधी कुणीतरी दुरुस्ती करताना ही काच पालथी घातली होती. गोलच ती, कशीही बसते. मनातल्या मनात शिवी हासडली, मग उमेदवारीत मी स्वतः उलटं बसवलेलं लिलीचं फूल आठवलं आणि गप्प झालो.

काच सरळ केली. पुसट चेहऱ्याचं काय? मूळ काचेवर ब्रश लावायचा नाही, हा माझा हट्ट. गेलेल्या रंगाच्या खुणा तिरप्या उजेडात दिसत होत्या. त्यांवरून रेषा पातळ, साध्या काचेवर काढल्या, भाजल्या आणि ती मागे जोडली. पुढे कुणाला नाही पटलं तर काढून टाकता येईल.

खिडकी बसवली तेव्हा फादर बराच वेळ मान वर करून उभे होते. मरियाची नजर पहिल्यापासूनच खाली होती.

"आता हीच लाजतेय," ते म्हणाले.