मिलिटरी सरांचा भूगोल

आपल्या कोरेगाव तालुक्यात फौजेतून परत आलेला माणूस ही काही नवलाई नव्हे. सातारा जिल्ह्यात गावोगाव पलटणीतली माणसं आहेत, अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पेन्शनीत आलेला माणूस कुठे गिरणी टाकतो, कुठे बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो, नाहीतर शेती धरतो. आमचे सर शाळेत आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीतून, हवालदार म्हणून ते निवृत्त झाले. नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. केलं होतं. घरी आल्यावर आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून बी.एड. केलं आणि भूगोलाचे शिक्षक झाले. हजेरीपटावर नाव काहीही असो, गावाला ते मिलिटरी सर.

परेड, लेझीम, झेंडावंदन ही कामं त्यांच्याकडे आपसूक आली. त्याबद्दल शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच असेल. मला लिहायचं आहे ते त्यांच्या नकाशांबद्दल.

त्यांच्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा जुना नकाशा होता, ४७ के मालिकेतला. घड्यांवर कापड चिकटवलेला. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. आठवीच्या पहिल्या तासाला त्यांनी तो चार बाकांवर पसरला आणि म्हणाले, "आपली शाळा शोधा." आम्ही अक्षरं शोधत बसलो. ते म्हणाले, "नाव वाचू नका, जमीन वाचा. जरंडेश्वर कुठं दिसतो? वसना कुठनं येते?" मग बोट तपकिरी रेघांवर गेलं. रेघा दाट तिथे चढ उभा, विरळ तिथे सपाटी. एका रेघेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीची. पाठ्यपुस्तकात समोच्च रेषांची व्याख्या दोन ओळींत होती. सरांनी त्यावर आठवडे घालवले. शेवटी नकाशातला एक चौकोन झाकून आम्हाला विचारायचे, की या टेकडीवर उभं राहिलं तर पलीकडचं गाव दिसेल का? आम्ही उत्तर द्यायचो आणि रविवारी चढून जाऊन ताडून बघायचो.

त्याच नकाशात त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. बारमाही पाण्याचे प्रवाह निळे छापलेले असतात, कोरडे पडणारे काळे. आमच्या शिवारातले जवळजवळ सगळे ओढे काळे होते. "ही रेघ काळी का?" हा त्यांचा प्रश्न वर्षभर चालला. १९७२ च्या दुष्काळात ते सुट्टीवर घरी आले होते. लढाई जिंकून आलेला जवान आणि घरात प्यायला पाणी नाही, हे त्यांना लागलं होतं.

लढाईबद्दल ते आपणहून बोलत नसत. नववीत एका मुलानं विचारलंच, "सर, तुम्ही किती मारले?" सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर नदी काढली. आताच्या बांगलादेशात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर, तिथून दक्षिणेला टांगाईलचा आणि पुढे ढाक्याचा रस्ता. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलोच ही पलटण ठाण मांडून होती. आपली ९५ माउंटन ब्रिगेड उत्तरेकडून आली आणि जंगी पलटण नदी ओलांडून त्यांच्या पाठीमागे रस्त्यावर जाऊन बसली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं. बलोच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री ते रस्त्यानं बाहेर पडायला निघाले आणि थेट पलटणीच्या मोर्च्यावर आले. ११ तारखेला सकाळी जमालपूर पडलं.

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. किती मारले याचं उत्तर मात्र सरांनी दिलं नाही. त्यांनी डस्टरनं मोर्चे पुसले, नदी ठेवली, आणि सांगायला लागले, की ही जुनी ब्रह्मपुत्रा; अठराव्या शतकाच्या अखेरीस मुख्य प्रवाह पश्चिमेला सरकला आणि तिकडच्या यमुनेच्या (आपल्या दिल्लीच्या नव्हे) पात्रात गेला. घंटा होईपर्यंत आम्ही नदी पात्र कसं बदलते ते शिकलो. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो आजवर तसूभरही कमी झालेला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टाफरूमच्या ओट्यावर म्हाताऱ्या बाया येऊन बसत. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं पेन्शन अडलेलं. पिशवीतून डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पासबुक निघायचं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची रांग. सर आम्हा दहावीच्या मुलींना अर्ज लिहायला बसवत. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहायचं, 'सखुबाई'चं 'सखूबाई' झालं तरी कागद परत येतो, असं बजावायचे. माझ्या अक्षरातले कित्येक अर्ज साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेले असतील. पेन्शन सुरू झालं की एखादी मावशी पदराखालून शेंगा काढून आमच्या ओंजळीत द्यायची.

आणि शाळेमागचा डोंगर. सरांनी आम्हाला दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधायला लावले, मधे आडवी काठी, टोकातून सुतळीला दगड लोंबकळता. हा आमचा ओळंबा, ए-फ्रेम. चौकट उभी करून सुतळी आडव्या काठीला जिथे लागेल तिथे खूण करायची. मग पाय उलटेपालटे त्याच दोन जागांवर ठेवून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी. सुतळी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय रोवून दुसरा फिरवत डोंगरभर चालायचं आणि जागोजागी चुन्याची फक्की टाकायची. खाली उतरून पाहिलं, तर नकाशातली तपकिरी रेघ डोंगरावर पांढऱ्या रंगात उमटलेली! मुलं ओरडलीच. त्या रेघेवर आम्ही चर खोदले, साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल. पावसाचं पाणी उतारानं पळायचं ते चरात थांबून मुरायला लागलं. भरावावर करंज आणि सीताफळ लावलं.

मी पुढे मृदसंधारणाच्या कामात आले. सलग समतल चरांचे आराखडे करणं हाच माझा धंदा झाला. लेव्हलची यंत्रं आली, उपग्रहाचे नकाशे आले. पण नव्या पोरांना शिकवताना मी अजून आधी बांबू आणि सुतळी मागवते.

सर आता नाहीत. गेल्या दिवाळीत मी डोंगरावर गेले होते. सीताफळं टिकली आहेत, चर मात्र गाळानं भरलेत; वरच्या बाजूचे तर ओळखूही येत नाहीत. समारंभ समितीला माझी विनंती आहे, की महोत्सवाच्या वर्षात पावसाळ्याआधी हे चर पुन्हा मोकळे करू. माझ्या बॅचच्या काही जणांशी बोलून ठेवलं आहे, टिकाव-फावडी ते आणतील. बाकीच्यांनी शाळेच्या कार्यालयात नावं द्यावीत. बांबू गावातलेच घेऊ. आठवी-नववीच्या मुलांना आधी मधली खूण कशी काढायची ते शिकवते, आणि त्यांनी आखलेल्या रेघेवरच खोदायला लागू.