मामांच्या गोळ्यांचा डबा

नंदुरबार, एप्रिलअखेर. रात्री उशिरा.

दुपारी बाहेर पडायची सोयच नव्हती, म्हणून मामांचा औषधांचा डबा आवरायला घेतला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. अर्धवट कापलेल्या पट्ट्या, रबरबँड, पिवळी पडलेली ईसीजीची पट्टी. रोजच्या गोळ्या मात्र तीनच निघाल्या: साखरेची ग्लिमेपिराइड, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आणि पायांच्या आगीसाठी प्रीगॅबालिन.

तिन्ही माझ्याच खात्यातल्या, म्हणजे चॅनलवरच्या: पेशीच्या आवरणातून आयन (विद्युतभारित कण) आत-बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म दारांवरच्या! पहिली स्वादुपिंडाच्या पेशींतलं पोटॅशियमचं चॅनल बंद करते, मग पेशी इन्सुलिन सोडते. दुसरी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतलं कॅल्शियमचं चॅनल अडवते. तिसरी मज्जातंतूंतल्या कॅल्शियम चॅनलच्या एका उपघटकाला चिकटते. जन्मभर ज्यांच्या मागे लागले ते सगळे मामांच्या डब्यात एकत्र नांदत होते.

पूर्वीची मी असते तर मामांना तिथल्या तिथे बसवून शिकवणी घेतली असती. आज गप्प राहिले, कारण यातली किती औषधं आमच्या कामातून निघाली हा हिशोब मनात सुरू झाला. ग्लिमेपिराइडच्या कुळाची सुरुवात १९४२ मधली. फ्रान्समध्ये माँपेलिएला टायफॉइडच्या रोग्यांवर एक सल्फा औषध तपासत होते, तर रोग्यांची साखरच घसरायला लागली. ज्या चॅनलमुळे हे होतं ते संशोधक फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांना स्वादुपिंडाच्या पेशींत सापडलं १९८४ मध्ये. प्रीगॅबालिन तर गाबा या मेंदूतल्या रसायनासारखं म्हणून घडवलेलं. प्रत्यक्षात त्याचं काम भलतीकडेच चालतं. औषध आधी, उमज मागाहून. (प्रकल्पाच्या अर्जात आम्ही बरोबर उलटा क्रम लिहितो. पैसे त्या क्रमालाच मिळतात.)

म्हणून काम फुकट गेलं असं मला वाटत नाही. काचेची नळी तापवून ओढायची, टोक जेमतेम एक मायक्रॉनचं, ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला टेकवायचं आणि नळीच्या दुसऱ्या टोकाने तोंडाने हलकंच ओढायचं. काच आणि पेशीचं आवरण असं घट्ट बसतं की विजेला होणारा रोध शंभर कोटी ओहमच्या वर जातो. मग पडद्यावर रेघ एकदम एक पायरी चढते, उतरते, पुन्हा चढते. एक रेणू, म्हणजे एकच चॅनल, उघडतोय आणि मिटतोय. प्रवाह काही पिकोअँपिअरचा (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग), पण एका पिकोअँपिअरमध्येसुद्धा सेकंदाला साठेक लाख आयन जातात. एका चॅनलचा प्रवाह नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मोजून दाखवला, १९९१ मध्ये नोबेल मिळालं. मी शिकले तेव्हा निम्मा वेळ विजेच्या ५० हर्ट्‌झच्या गुणगुणीशी भांडण्यात जायचा. शेजारच्या खोलीतला पंखा कुणी लावला तरी मला पडद्यावर कळायचं.

उमजेचं चीज झाल्याचं एक उदाहरण मात्र मी कधीच सोडत नाही. काही तान्ह्या बाळांना जन्मल्यापासून मधुमेह असतो. त्यातल्या बऱ्याच जणांत हेच पोटॅशियमचं चॅनल जनुकातल्या बदलामुळे मिटतच नाही, हे २००४ मध्ये कळलं. मग त्यातल्या अनेक मुलांची इन्सुलिनची सुई सुटली आणि जुन्या, स्वस्त गोळ्यांवर भागलं. मामांच्या गोळीच्याच जातभाई त्या!

संध्याकाळी मामांनी विचारलंच. "मन्हा पायस्नी आग कव्हय थांबी वं?" रात्री चादरीचा स्पर्शही त्यांना सोसत नाही.

काय सांगू? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन मंजूर झालं. वेदना वाहणाऱ्या तंतूंतलं सोडियमचं एकच चॅनल ते अडवतं, मेंदूला हात लावत नाही. पण मंजुरी ताज्या दुखण्यासाठी आहे. साखरेने वर्षानुवर्षं झिजवलेल्या तंतूंसाठी नाही. तेवढंच सांगितलं. मग मिरचीचं सांगितलं. मामांची हयात इथल्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मुनीमकीत गेली, मामी मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायची. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि ४३ अंशांपुढची उष्णता तंतूंतलं एकच चॅनल उघडतात, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवलं. हात पाण्याने धुऊन आग जात नाही, तेल चोळावं लागतं, हे मामीला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्याच कॅप्सेसिनची दणकट पट्टी काही वेळ लावली की तंतूंची टोकं काही महिने थंडावतात आणि मधुमेहींच्या पायांसाठी अमेरिकेत २०२० पासून ती मान्य आहे, हे ऐकून दोघं बघतच राहिली.

"म्हनजे आगले आगच लावनी का?" मामा हसले. मामी म्हणाली, आमच्या पथारीवर फुकट मिळत होती की!

घरी कुणी मिरची वाटून पायाला लावू नये, हे मी दोनदा बजावलं. मामींचा भरवसा नाही.

नंतर खरी गोष्ट बाहेर आली. प्रीगॅबालिनने गुंगी येते म्हणून मामा ती एक दिवसाआड घेतात आणि डॉक्टरांना रोज घेतो म्हणून सांगतात. सकाळी दवाखाना उघडला की त्यांना घेऊन जायचं. डोस कमी करायचा की वेळ बदलायची, ते डॉक्टर ठरवतील.