आमची वाटचाल : हाताने उचलता येईल अशी विजेची सायकल

सदाशिव पेठेत वडिलांचे सायकलींचे दुकान होते आणि तेथे तासावर भाड्याने सायकली मिळत असत. पंक्चर जोडणे आणि चाकाचा आउट काढणे, म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करणे, मी तेथेच शिकलो. पुढे दुकान कोथरूडला आले, गिअरच्या सायकली आल्या आणि शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांना पानशेत, मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर घेऊन जाणे हाच आमच्या व्यवसायाचा मोठा भाग झाला. विजेवरच्या माउंटन बाइक आम्ही त्यासाठीच घेतल्या, कारण मनात हौस आहे पण चढाला दम पुरत नाही, अशी माणसे आमच्याकडे सतत येत होती.

पहिल्या खरेदीत आम्ही फक्त ताकद पाहिली. चार सायकली घेतल्या. मोटारीचा जोर (चाक फिरवण्याची ताकद) 85 न्यूटन-मीटर, बॅटरीत मावणारी वीज 625 वॅट-अवर आणि पेडलसह वजन 24 किलो. वाटेवर त्यांनी आम्हाला कधीही निराश केले नाही; मात्र त्या वाटेपर्यंत त्यांना दर आठवड्याला गाडीच्या टपावरून न्यावे लागे, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. एका पावसाळी रविवारी ताम्हिणीहून परतण्यापूर्वी आम्ही दोघे चिखलाने माखलेली सायकल डोक्याच्या उंचीपर्यंत उचलत असताना ओले हँडल हातातून निसटले आणि सायकल पेडलसकट गाडीच्या दारावर आली. दारावर हातभर ओरखडा उठला, तो भरून आला. पण माझ्या सहकाऱ्याचे मनगट मुरगळले आणि तीन आठवडे त्याला पाना धरता आला नाही, हे मला फार लागले. त्या रात्री गाडीच्या टपावरचे सायकली बांधायचे कॅरिअर उतरवताना त्याच्या खालच्या बाजूला छापलेली ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली : एका सायकलीसाठी कमाल 20 किलो. सुमारे साडेतीन किलोची बॅटरी काढून ठेवली, तरी आमची सायकल त्या मर्यादेच्या वरच राहत होती.

त्यानंतर मी वहीत एक साधा हिशेब मांडला. पाऊणशे किलोचा माणूस आणि 24 किलोची सायकल मिळून शंभर किलोच्या आसपास वजन घाट चढते. त्यातून सहा किलो कमी झाले, तर चढावर शंभरात सहाचा फरक पडतो, आणि तोही बराचसा मोटारच उचलते. परंतु टपावर चढवताना सायकलीसोबत माणसाचे वजन नसते आणि मोटारीची मदतही नसते, त्यामुळे तेच सहा किलो तेथे पुरा चौथा हिस्सा होतात.

याच सुमारास हलक्या वर्गातल्या सायकली बाजारात स्थिरावत होत्या. ट्रेक या सायकल कंपनीने 2022 मध्ये ‘फ्यूएल ईएक्सई’ आणली, तिच्यातील टीक्यू कंपनीची मोटार 1.85 किलोची, 50 न्यूटन-मीटर जोराची आणि बॅटरी 360 वॅट-अवरची होती. आमच्या जड सायकलींची मोटार एकटीच 2.9 किलोची होती. म्हणजे सहा किलोंपैकी निम्म्याच्या जवळपास बचत मोटार आणि बॅटरीतूनच होते. उरलेली फ्रेम, चाके आणि टायरमधून काढावी लागते, आणि किंमत चढते ती तेथेच. आम्ही याच वर्गातल्या 18 किलोच्या दोन सायकली घेतल्या. त्या चालवणाऱ्याला पाय मारावेच लागतात, दिवसभराच्या फेरीत बॅटरी जपून वापरावी लागते. पण उतारावर, दगडांमधून पुढचे चाक उचलताना, त्या साध्या माउंटन बाइकसारख्या हाताच्या हुकमात राहतात.

लेहला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हलकी सायकल विमानाने नेता येईल का, असे विचारले होते. तेथे हलकेपणाचा उपयोग नाही, कारण प्रवासी विमानात 160 वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही आणि या दोन्ही वर्गांच्या बॅटऱ्या त्यापेक्षा मोठ्या आहेत. त्यांची सायकल आम्ही रस्त्याने पाठवण्याचा सल्ला दिला.

सर्वांत अचूक प्रश्न एका निवृत्त शिक्षिकांनी विचारला. जड सायकलीवरून चक्कर मारून त्या आनंदाने परतल्या आणि म्हणाल्या, “अहो, घाटात ही मला नेईल, पण आमच्या तिसऱ्या मजल्यावर हिला कोण नेणार?” त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी त्यांना हलकी सायकल खांद्यावर अडकवून दुकानाच्या माळ्याचा जिना चढायला लावले. दोनदा थांबून त्या वर पोहोचल्या आणि तीच सायकल त्यांनी घेतली. तेव्हापासून दाराशी टांगता वजनकाटा आहे आणि कोणतीही विजेची सायकल विकण्यापूर्वी आम्ही गिऱ्हाइकाला तो जिना चढायला सांगतो. माहितीपत्रकातले वजन बहुधा पेडलशिवाय असते, म्हणून काट्यावरचा आकडाच आम्ही बिलावर लिहितो.

जुन्या चारपैकी दोन सायकली आम्ही विकल्या. उरलेल्या दोन पानशेतजवळच्या एका शेतकरी मित्राच्या गोठ्याशेजारी, पत्र्याच्या खोलीत असतात. तेथेच चार्ज होतात, तेथूनच सुटतात आणि संध्याकाळी तेथेच परततात.