काकडी, सोया सॉस आणि मिदोरी

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामींच्या ‘नॉर्वेजियन वुड’चा विषय निघाला की बोलणं हटकून नाओकोवर, नायक वातानाबेच्या प्रेयसीवर, जातं. तिचं गप्प राहणं, ती उपचारासाठी राहते तो क्योतोजवळच्या डोंगरातला आश्रम, पत्रं. १९८७ साली ही कादंबरी दोन भागांत आली, एक लाल, एक हिरवा, आणि वेष्टनावर ‘शंभर टक्के प्रेमकथा’ असं लेखकानेच लिहिलं होतं. इतक्या आत्महत्या असलेल्या पुस्तकावर असं लिहायलाही धाडस लागतं!

मला मात्र ही प्रेमकथा पटली ती इस्पितळात. मिदोरी ही वातानाबेची कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील मेंदूच्या गाठीने अंथरुणाला खिळलेत. त्याच आजाराने आई आधीच गेलेली. मिदोरी सेवा करून थकलीय, म्हणून वातानाबे तिला जरा फिरून ये म्हणतो आणि स्वतः त्या अनोळखी माणसापाशी बसतो. बोलायचं काय? हा पठ्ठ्या नाटकाचा विद्यार्थी, तो ग्रीक नाटककार युरिपिडीसच सांगत सुटतो. मग भूक लागते. काकड्या धुतो, नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पातळ पापुद्र्यात, गुंडाळतो, सोया सॉसमध्ये बुडवून कुरुमकुरुम खातो. जेवणाकडे पाठ फिरवलेल्या वडिलांनाही चव घ्यावीशी वाटते आणि ते अख्खी काकडी संपवतात. आमच्याकडे तापातून उठलेल्याला मऊ भात आणि मेतकूट देतात, तसंच हे. फक्त इथे रोगी उठणार नाहीये. थोड्याच दिवसांत ते जातात.

एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी प्रेमात माणूस काय काय बोलतो! वातानाबेही बोलतोच. पण जिच्यावर आपला जीव जडतोय तिच्या बापाला निगुतीने काकडीचा घास भरवणं, हे मला त्याच्या सगळ्या पत्रांहून मोठं वाटतं.

आणि मिदोरी? आई स्वयंपाकाला कंटाळायची, म्हणून पोरगी पुस्तकातून शिकली. ब्रा घ्यायचे पैसे जपानी ऑम्लेटच्या तव्यावर घातले आणि तीन महिने एकाच ब्रावर काढले. रात्री धुवायची, सकाळी घालायची. ती वाळली नाही की किती रडू येतं, हे ती ज्या सुरात सांगते तो सुर पाऊसपाण्यात दोरीवर कपडे चाचपणाऱ्या कुणालाही कळेल. इतर पात्रं मरणाशी बोलत असतात, ही बाई तव्याचा हिशेब देते. वातानाबे इतके दिवस तिला ताटकळत ठेवतो, याचा मला अजून राग येतो.